उचल कोणाच्या नावे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यांत जमा आणि नावे शिकवतात. व्यापारी कायद्याच्या पहिल्या धड्यांत प्रस्ताव, स्वीकृती आणि मोबदला. उदाहरणे बहुधा फर्निचरच्या दुकानाची नाहीतर कापडाच्या गाठींची असतात. बीड जिल्ह्यात, त्यातही बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांत, हे सगळे शब्द एकाच व्यवहारात भेटतात. पावसाळ्यात मजुरांची टोळी जमवणारा मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, रोख रक्कम देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती जोडी कारखान्याच्या भागात जाते आणि ऊस तोडून ती रक्कम फेडते. हीच उचल. ती कर्ज आहे, आगाऊ मजुरी आहे, विसार आहे की वेठीचा दोर आहे, हा वाद जुना आहे. त्याची कायद्याची बाजू पुष्कळ चर्चिली गेली, हिशेबाची त्या मानाने कमी. वादातली प्रत्येक भूमिका मुळात ही रक्कम कोणत्या खात्यात लिहायची याचे एकेक उत्तर आहे, आणि निकाल लागत नाही तो या वह्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून, असे या आढाव्याचे म्हणणे आहे.

मागचे पान

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नगर, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. ऊस तिथे होता, तोडणारे हात कोरडवाहू भागात. १९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतराला मोठा रेटा दिला. सहा महिन्यांच्या हंगामासाठी शेकडो गावांतून माणसे गोळा करायची तर पैसा आधी द्यावा लागतो. पेरणी, लग्न, दवाखाना हे खर्च पावसाळ्याच्या आगेमागेच येत असल्यामुळे घेणाऱ्यालाही तो आधीच लागतो. उचलीची रीत या दोन गरजांतून पक्की झाली.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ही रीत साखरेपेक्षा जुनी आहे. इंग्रज सरकारने १८५९ मध्ये केलेल्या कामगार करारभंग कायद्यानुसार, आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट काम पुरे करण्याचा हुकूम देऊ शकत असे, आणि हुकूम मोडला तर तुरुंग. करार मोडणे हा दिवाणी विषय; इथे तो फौजदारी केला होता, आणि तोही एकाच बाजूसाठी. १८७२ चा भारतीय करार कायदा आल्यावरही हा कायदा पन्नासेक वर्षे शेजारी नांदला. तो १९२५ मध्ये रद्द झाला. त्यानंतर उचल घेऊन कामावर न जाणारा मजूर केवळ तेवढ्यामुळे गुन्हेगार ठरत नाही. तरीही पोलीस ठाण्यात फसवणुकीच्या तक्रारी येतात. फसवणूक ठरायला पैसे घेतेवेळीच हेतू वाईट होता हे दाखवावे लागते, नुसता शब्द न पाळणे पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात २००० मध्ये स्पष्ट केले आहे.

एक रक्कम, चार वह्या

आता वह्या उघडू. साखळी साधारण अशी असते: कारखाना (किंवा त्याने उभी केलेली तोडणी-वाहतूक संस्था) वाहनमालकाला ॲडव्हान्स देतो, वाहनमालक मुकादमाला, मुकादम कोयत्यांना. बऱ्याच ठिकाणी मूळ पैसा बँकेचा असतो. कर्ज वाहनमालकाच्या नावावर आणि हमी कारखान्याची. व्यक्तिगत खात्याचा नियम घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याच्या जमा असा आहे. कारखान्याच्या खतावणीत वाहनमालकाच्या नावे रक्कम पडते आणि ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूला येणे म्हणून दिसते. वाहनमालकाकडे ती एकीकडे देणे, दुसरीकडे मुकादमाकडून येणे. मुकादमाच्या डायरीत प्रत्येक कोयत्याचे एक पान. चौथी वही मजुराची असायला हवी, पण ती बहुधा नसतेच. त्याचा हिशेब तोंडी, नाहीतर वजनाच्या पावत्यांच्या गड्डीत.

या चौथ्या वहीत काय लिहिले गेले असते, ते एका नमुना खात्यावर पाहू. समजा उचल १,००,००० रुपये. तोडणीचे दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातल्या कराराने ठरतात. २०२० च्या करारात १४ टक्के वाढ झाली होती, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. गणितासाठी टनाला ३६६ रुपये धरू आणि जोडीची रोजची तोड २ टन. हंगाम १४० दिवसांचा. त्यातले २० दिवस पाऊस, कारखाना बंद, वाहन नादुरुस्त किंवा आजारपण यांत गेले. उरलेल्या १२० दिवसांत २४० टन, म्हणजे ८७,८४० रुपये जमा. नावेच्या बाजूला उचलीखेरीज आणखी दोन रकमा येतात. दर पंधरवड्याला किराण्यासाठी खर्ची मिळते. ती २,००० धरली तर नऊ पंधरवड्यांचे १८,०००. जोडी कामावर आली नाही की मुकादम खाडा लावतो; रोजचे ५०० धरून सहा दिवसांचे ३,०००. एकूण नावे १,२१,०००. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा बाकी निघते ३३,१६० रुपये, आणि ती पुढच्या हंगामाच्या पानावर ओढली जाते.

हे आकडे मी धरलेले आहेत. दोनाऐवजी तीन टन धरले तर हेच खाते १०,७६० रुपये मजुराच्या बाजूने वळते. असे कोयतेही असतात, आणि उचलीच्या बाजूने बोलणारे त्यांचाच दाखला देतात. पण खाते कुठेही वळो, दोन गोष्टी तशाच राहतात. खर्ची ही हंगामातली चालू मजुरी असून ती मजुराला उचलीत पडलेली भर म्हणून दिसते. म्हणजे कमाई सुरू असतानाच देणे वाढत जाते. दुसरी गोष्ट खाड्याची. मजुरी टनावर असल्यामुळे न आलेल्या दिवसाची कमाई आधीच बुडालेली असते. खाडा हे त्यावरचे दुसरे नुकसान. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी वाजवी भरपाईच मिळू शकते. मुकादमाचे उत्तर असे की टोळीतला एक कोयता बसला की गाडी अर्धी भरते, वाहनाचे भाडे अंगावर पडते, आणि वाहनमालक ते त्याच्याकडून वसूल करतो. उत्तरात तथ्य आहे. पण मग खाडा त्या नुकसानीच्या प्रमाणात हवा, आणि वाहन उशिरा आल्यामुळे फडात बसून राहिलेल्या जोडीच्या खात्यात तेवढीच रक्कम जमा दिसायला हवी. तशी उलट नोंद सहसा होत नाही.

कर्ज की आगाऊ मजुरी

पहिली भूमिका सरळ आहे: उचल हे बिनव्याजी कर्ज. दोन सज्ञान व्यक्ती, मुक्त संमती, मोबदला. करार कायद्याच्या कलम १० च्या अटी पुऱ्या झाल्या, करार झाला. मुकादम आणि वाहनमालक बहुधा असेच मांडतात, आणि आपल्या बाजूने एक खरी अडचण सांगतात. एकच जोडी दोन-तीन मुकादमांची उचल घेते, किंवा मुकादमच रक्कम घेऊन गायब होतो, आणि बँकेचा हप्ता वाहनमालकाच्या गळ्यात राहतो. ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवलेले येणे मग संशयित येण्यात टाकावे लागते.

दुसरी भूमिका म्हणते, ही आगाऊ मजुरी. लेखाशास्त्रात या दोहोंत स्पष्ट फरक आहे. कर्ज पैशाने फिटते. आगाऊ मिळालेले उत्पन्न सेवा देऊन फिटते. तोवर ते देणे म्हणून उभे राहते आणि काम होईल तसे उत्पन्नात वर्ग होते. या फरकाचे कायद्यातले परिणाम मोठे आहेत. कर्ज असेल तर मजूर डिसेंबरात रक्कम परत करून घरी जाऊ शकला पाहिजे. आगाऊ मजुरी असेल तर त्याने काम द्यायचे आहे. पण व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पुरा करून घेत नाही, फार तर भरपाई देववते. थोडक्यात, उचल कोणत्याही खात्यात लिहा, माणसाला फडात अडवून ठेवण्याचा हक्क त्यातून निघत नाही.

आगाऊ मजुरी म्हटली की वसुलीचे नियमही लागतात. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात नोकरी सुरू होण्याआधी दिलेली रक्कम पहिल्या पूर्ण वेतनकाळाच्या पगारातून वळती करायची, आणि प्रवासखर्चासाठी दिलेली तर वसूलच करायची नाही, अशी तरतूद होती. कपातीची सर्वसाधारण मर्यादा ५० टक्के. हा कायदा तोडणी मजुरांना लागू होतो का, हा वाद तेव्हाही होता. २०१९ च्या वेतन संहितेने ५० टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली आणि वेतनाची कमाल अट काढून तिचा पल्ला सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत नेला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वरच्या नमुना खात्यात ८७,८४० रुपयांची मजुरी संपूर्ण वळती झाली होती. ५० टक्क्यांचा नियम तिथे लावला तर ४३,९२० रुपये हंगामात हातात पडले पाहिजेत. खर्ची वजा केली तरी जवळपास २६,००० उरतात. उचलीची बाकी त्या प्रमाणात फुगेल, ही या नियमाची दुसरी बाजू आहे, आणि नियमाच्या समर्थकांनी तिचा विचार फारसा केलेला दिसत नाही.

वेठ म्हणायची का

तिसरी भूमिका सगळ्यांत कडक आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा; त्याआधीचा वटहुकूम २५ ऑक्टोबर १९७५ चा. या कायद्यात आगाऊ रकमेची व्याख्या रोख-वस्तू, लेखी-तोंडी सगळ्यांना सामावून घेते. अशा रकमेपोटी नाममात्र मजुरीवर काम करावे लागले, दुसरीकडे काम करण्याचे किंवा फिरण्याचे स्वातंत्र्य गेले, तर ती वेठ. ती ठरली की कलम ६ प्रमाणे ऋण फेडण्याची जबाबदारीच संपते, आणि कलम १५ नुसार हे वेठीचे ऋण नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर येतो. एशियाड प्रकल्पांतल्या मजुरांच्या १९८२ च्या खटल्यात न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर करवून घेतलेले काम हे सक्तीचेच मानले. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात, सक्तीने काम करणाऱ्यामागे उचल असणार असे गृहीत धरायला सांगितले.

विरोधकांचा आक्षेप असा की ऊसतोड मजूर दर पावसाळ्यात मुकादम बदलू शकतो, भाव करतो, हंगाम संपला की घरी परततो. त्याला पिढीजात वेठबिगाराच्या रांगेत बसवणे चूक. आणखी एक आक्षेप अधिक अवघड आहे: सगळी उचल वेठ ठरवून माफ केली, तर पुढच्या आषाढात कोरडवाहू घराला एवढी रक्कम विनातारण कोण देणार? या दोन्ही आक्षेपांना सरसकट उत्तर देता येत नाही, आणि कायदाही सरसकट उत्तर मागत नाही. तो खात्याकडे पाहतो. बाकी नसलेला किंवा नवा मुकादम जुनी बाकी चुकती करून घेतो तो कोयता खरोखर मोकळा आहे. बाकीपोटी तिसऱ्या वर्षीही त्याच मुकादमाकडे, तो सांगेल त्या दराने, जावे लागते तो नाही. एकाच टोळीत, एकाच फडात दोन्ही प्रकार असू शकतात. संपूर्ण व्यवसायाला एक नाव देण्याचा आग्रह दोन्ही बाजूंनी धरल्यामुळे हा भेद झाकला गेला.

मालक कोण

कारखान्यांची भूमिका अशी: तोडणी हे शेतकऱ्याचे काम, आम्ही फक्त व्यवस्था लावतो. हिशेबात याला आधारही आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, आणि महाराष्ट्रात एफआरपीमधून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करूनच शेतकऱ्याचे बिल निघते. खर्च ज्याच्या अंगावर तो मालक, असा हा युक्तिवाद. उलट बाजू म्हणते, खर्च कोणाच्या बिलातून जातो यापेक्षा हुकूम कोणाचा चालतो ते पाहा. कोणत्या गटातला ऊस कधी तोडायचा हे कारखान्याचे शेतकी खाते ठरवते, चिठ्ठी स्लिपबॉय देतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते. शेतकऱ्याला स्वतःच्या उसाची तोड मिळवण्यासाठी गटऑफिसला खेटे घालावे लागतात; असा मालक विरळाच.

या प्रश्नाच्या जवळचा जुना निवाडा आहे धरांगध्रा केमिकल वर्क्सचा. सौराष्ट्रातले मीठ पिकवणारे अगरिया हंगामी होते, कुटुंबासह राबत, मोबदला कामाच्या परिमाणावर मिळे. कामाच्या पद्धतीवर नियंत्रणाचा हक्क कंपनीकडे असल्यामुळे ते कामगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९७८ च्या हुसेनभाई निवाड्याने मधल्या ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून आर्थिक नियंत्रण कोणाचे ते पाहायला सांगितले. २००१ च्या स्टील ॲथॉरिटी निवाड्याने ही वाट पुन्हा अरुंद केली. मुकादम हा करार कायद्याच्या अर्थाने कारखान्याचा अभिकर्ता आहे की स्वतंत्र ठेकेदार, हे त्यामुळे अनिर्णित आहे. अभिकर्ता ठरला तर मजुराने त्याच्याकडे फेडलेला रुपया कारखान्याला पोचला असे धरावे लागेल, आणि मुकादम पळाला तर तोटा कारखान्याचा. जाता जाता: बीडची टोळी कोल्हापूरला गेली तर स्थलांतर राज्यांतर्गत, तीच टोळी तीस-चाळीस किलोमीटर पुढे निपाणी-चिकोडीकडे गेली की आंतरराज्य, आणि संरक्षणाचे नियम निराळे.

कागद कोणाजवळ

बहुतेक उपाय अखेरीस लेखी कराराशी येतात. त्यावरचा आक्षेप असा की कागद झाला की मजूर आणखी अडकेल. हा आक्षेप पोकळ नाही. पैसे परतफेडीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. पण मुदत संपण्याआधी बाकी मान्य असल्याची सही झाली की १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ ने ती तिथून नव्याने मोजली जाते. दरसाल बाकी ओढताना घेतलेला अंगठा हे काम चोख करतो. कोऱ्या धनादेशावर सही असेल तर तो देण्यापोटीच दिला असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक खोडता येते, पण खोडायला पुरावा लागतो.

तरीही आक्षेप एका ठिकाणी अडतो. कागद आजही आहेतच: मुद्रांकावरचा करार, धनादेश, आधारची झेरॉक्स. सगळे देणाऱ्याच्या कपाटात. उणीव आहे ती मजुराजवळच्या प्रतीची. पुरावा कायद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद ग्राह्य असते, पण केवळ तिच्या बळावर कोणावर देणे लादता येत नाही; पूर्वीचे कलम ३४, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २८. १९९८ च्या व्ही. सी. शुक्ला निकालाने सुटे कागद म्हणजे वही नव्हे, हेही सांगितले. मुकादमाची डायरी या कसोटीवर कच्ची ठरेल, पण ती तपासायला समोर दुसरी नोंद हवी. माथाडी कायद्याच्या धर्तीवर मंडळ असावे या जुन्या मागणीचा हिशेबी अर्थ हाच आहे: १९६९ च्या त्या कायद्यात मजुरी मंडळात जमा होते आणि मंडळातून मजुराला मिळते, त्यामुळे खाते तिसऱ्याच्या हाती राहते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची रचना वेगळी आहे. गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेऊन कल्याणयोजना चालवायच्या, आणि ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे द्यायची. ओळखपत्रावर माणूस दिसतो, त्याचे खाते दिसत नाही.

न सुटलेले

उचलीला कमाल मर्यादा असावी का, बाकी किती हंगाम ओढता यावी, संहितेतली ५० टक्क्यांची कपात फडात कोण तपासणार, यांवर अजून एकमत नाही. ऊसतोडणी यंत्रांमुळे हा प्रश्न आपोआप मावळेल असे काहीजण मानतात. लहान, चढउताराच्या रानांत यंत्र जात नाही तोवर ते दूरचे आहे.

सगळ्यांत कमी बोलला गेलेला प्रश्न कोयत्याच्या व्याख्येतच आहे. कोयता म्हणजे जोडी, पण कायद्याला जोडी नावाची व्यक्ती ठाऊक नाही. दोघांनी वचन दिले असेल तर करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे दोघेही संपूर्ण रकमेला बांधील. एकट्या नवऱ्याने सही केली असेल तर त्या करारातून बायकोचे श्रम मागता येत नाहीत. ती अठराच्या आतली असेल, आणि लवकर लग्ने होणाऱ्या या भागात तसे घडते, तर १९०३ च्या मोहरीबीबी निवाड्यापासून तिच्या बाजूचा करार मुळातच शून्य आहे. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवण्यात तिचा वाटा असतो, टनाची पावती एकच निघते, आणि मुकादमाच्या डायरीतल्या त्या पानावर वर लिहिलेले नाव एकट्या नवऱ्याचे असते. त्या ३३,१६० रुपयांच्या बाकीतले किती रुपये तिच्या नावे आणि त्या ८७,८४० मधले किती तिच्या जमा, ही नोंद कारखान्यापासून मुकादमापर्यंत कोणत्याच वहीत नाही.